जीपला धुरी

डोणगावच्या महादेवरावांनी त्या सोमवारी सकाळी दात घासता घासता एक छोटासा निर्णय घेतला. जीप बिघडली आहे, तर मेहकरहून सहदेव मिस्त्रीला बोलवायचं नाही. आपणच पाहायचं. निर्णय एवढाच. पण त्यापायी अकराव्या दिवशी अर्धी गल्ली खोकत रस्त्यावर येणार आहे, असं तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी ऐकलं नसतं. (महादेवरावांना सांगायची हौस होती. ऐकायची कधीच नव्हती.)

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती आणि डोणगावात स्वतःची चारचाकी असलेला माणूस बोटावर मोजण्याइतकाच. ते बोट म्हणजे महादेवराव. वांगी, मिरच्या, कांदे पिकवणारा हा बागाईतदार. त्याने अकोल्याच्या एका गृहस्थाकडून लष्कराने लिलावात काढलेली जीप आणली, तेव्हा लोकांना वाटलं, आता भाजीपाला जीपने बाजारात जाणार. छे! वांगी आपली बैलगाडीनेच जात आणि त्यांच्या पुढे जीपमध्ये एकटे महादेवराव जात.

कारण जीप वांग्यांसाठी नव्हतीच. ती अन्नपूर्णेसाठी होती. तीन वर्षांपूर्वी ही एकुलती एक लेक लग्न होऊन लोणारला निघाली ती यष्टीने. बसायला जागा नाही, पायाशी ट्रंक, अंगावर शालू, आणि यष्टी हलायच्या आतच पोरीला मळमळायला लागलं. महादेवराव पाण्याचा तांब्या घेऊन खिडकीपाशी धावले. तांब्या वर करेपर्यंत यष्टी सुटली. तांब्या हातात धरून ते रस्त्यात तसेच उभे राहिले आणि त्यांच्या मनाने घेतलं, की पुढच्या वेळी माझी लेक माझ्या गाडीत, पाय पसरून सासरी जाईल. दोन महिन्यांत जीप दारात आली. पण योग येईना. एकदा जावई आधीच येऊन घेऊन गेले, एकदा पैनगंगा पुलावरून वाहत होती, एकदा टायरच फुटलं. आता पहिल्या बाळंतपणाला अन्नपूर्णा माहेरी आलेली. मुलगा झालेला. सव्वा महिना उलटलेला. एवढा मोठा योग आल्यावर जीपला बिघडायची बुद्धी व्हावी, याला काय म्हणावं?

बिघाड असा, की इंजिन सुरू व्हायचं. पण पायाखालचा पेडल सोडला, की थरथर कापायचं, फुस्स करायचं आणि बंद पडायचं. काचेवरचं पाणी पुसायचा वायपरही हलेना. लेकीला धाडायचा ठरलेला आधीचा शुक्रवार तसाच गेला. मग त्या सोमवारीच लोणारहून व्याही शंकररावांचं कार्ड आलं. 'सा. न. वि. वि. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी महालक्ष्म्या बसणार. सूनबाई व नातू घरी असणे अगत्याचे. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारपर्यंत आपली जीप न आल्यास आमची दमणी निघेल. गेल्या पोळ्यात आमच्या बैलांचा पहिला नंबर आला, हे आपणांस ठाऊक असेलच. कळावे.'

कार्ड वाचून महादेवरावांना घाम फुटला. दमणी म्हणजे छत घातलेली, गाद्या अंथरलेली बैलगाडी. उद्या ती घुंगरं वाजवीत डोणगावात शिरणार, आणि बंद पडलेल्या जीपच्या नाकासमोरून त्यांच्या लेकीला घेऊन जाणार! त्यापेक्षा यष्टी परवडली.

"मंग सहदेव मिस्त्रीले बलावा नं," सोजराबाई म्हणाल्या. सोजराबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि जीपच्या सर्वांत जुन्या विरोधक. तीन वर्षांत त्या पुढच्या सीटवर एकदाही बसल्या नव्हत्या.

"मिस्त्री काऊन? पुस्तक हाये नं मायाजवळ."

हे पुस्तक जीपबरोबर आलेलं. इंग्रजी होतं आणि निम्म्या पानांवर ग्रीसचे अंगठे होते. महादेवराव सातवी पास. पण शाळेतल्या मास्तरांकडून शब्दकोश आणून त्यांनी ते पोथीसारखं वाचून काढलं होतं, आणि रोज रात्री जेवताना ते सोजराबाईंना त्याचं निरूपण ऐकवीत. मांजर, भिंत आणि सोजराबाई असे तीन श्रोते. त्यांतलं मांजर मधूनच उठून जाई.

"हे पाह्य," असं म्हणून भाकरीचा तुकडा हवेत धरून ते सांगत, "इंजिन श्वास घेते. जसा तू घेते, तसाच. घेतला, का आत पोकळी होते. मंजे हवाच नाही. अन ते पोकळी नळीतून वढते, म्हून वायपर फिरते."

"मंजे फिरवते कोन?"

"कोनीच नाही. तेच तर! आत काहीच नसते, अन ते काहीच नसलेलं काम करते."

"काहीच नसून काम करते?" सोजराबाई ताटात आमटी वाढत म्हणाल्या होत्या. "आपल्या घरी उलटं हाये. सगळं असून करत नाही."

(आमटी तेव्हा तिखट लागली होती, असं महादेवराव पुढे सांगत.)

पण त्यांचं मन त्या पोकळीत पार गुंतलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून ते विचार करीत. दिसत नाही, वजन नाही, रंग नाही. आणि एवढी लोखंडी जीप तिच्या ओढीवर चालते. दुसरीही एक नळी त्यांना फार आवडे. इंजिनच्या पोटात साचलेला धूर ती बाहेर सोडत नसे, परत त्याच्याच घशाकडे, म्हणजे हवा आत घ्यायच्या तोंडाकडे, नेई. आपलाच धूर आपण गिळायचा आणि त्यावरच पुढे चालायचं! हे सांगताना त्यांची भाकरी हातातच राही.

"त्याच्यात काय नवल?" सोजराबाई म्हणत. "आम्ही बाया दुसरं काय करून राह्यलो?"

तर पुस्तकाच्या चौऱ्याहत्तराव्या पानावर लिहिलं होतं, की इंजिन असं फुस्स करत असेल तर कुठून तरी चोरून हवा आत शिरते आहे. रबरी नळीचं एक टोक कानाला लावावं, दुसरं इंजिनवर फिरवावं. जिथं फुसफुस मोठी, तिथं भोक.

"घरात एखांदी रबरी नळी हाये का वं?" महादेवरावांनी विचारलं.

सोजराबाईंनी आधी जीपकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि हातभर लांबीची एक काळी नळी घेऊन आल्या. "हे चालते का पाहा," म्हणाल्या.

नळी उत्तम होती. महादेवरावांनी ती कानाला लावली, आणि डोणगावच्या इतिहासातली पहिली इंजिनतपासणी सुरू झाली.

तपासणीला इंजिन चालू हवं आणि ते चालू ठेवायला पेडलवर कुणाचा तरी पाय हवा. तो पाय अन्नपूर्णेचा. दुपारी जेवणं आटोपली, की बाळाला मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसे, एक पाय पेडलवर ठेवी, आणि महादेवराव टोपी काढून इंजिनात डोकं घालीत. बाळही वस्ताद. घरात पाळण्यात टाकलं की ठणाणा करी. जीप थरथरू लागली, की पाचव्या मिनिटाला झोपे.

"बाबा, सापडलं का?"

"सापडन वं. तू पाय धर."

सापडत काही नव्हतं. नळी जिथं लावावी तिथं फुसफुस. पंख्यापाशी फुसफुस, घशापाशी फुसफुस, बॅटरीपाशीही फुसफुस. (बॅटरीपाशी फुसफुसत होतं ते मांजर. ते वेगळं.) पण त्या नळीतून ऐकताना महादेवरावांना कसलंच भान राहीनासं झालं. दूरच्या विहिरीवर मोट चालावी तसा इंजिनचा आवाज येई. मधूनच अन्नपूर्णेचं बोलणं येई. ती सासरचं सांगायची. तिकडे सासूबाई कौशल्याबाई चांगल्या आहेत, पण पुरणात वेलची घालत नाहीत. सरोवराकडून संध्याकाळी वारा आला, की आधी खारट वास येतो, मग तिला डोणगाव आठवतं. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. लग्नाआधी ती बापाशी एवढं कधी बोललीच नव्हती. तेव्हा ती बोलायची आईशी, आणि बाप ओट्यावर बसून पोकळीचा विचार करायचा.

एकदा तर महादेवरावांनी नळीचं टोक इंजिनऐवजी झोपलेल्या नातवाच्या छातीवर ठेवलं. आत इवलंसं काही तरी टुकटुक टुकटुक चाललेलं. ते ऐकत ते अर्धा तास तसेच उभे राहिले. पेट्रोल जळत होतं, पाठीवर ऊन होतं, लेक हसत होती. इतकं सुख त्यांना वांग्याला भाव आला तेव्हाही झालं नव्हतं.

"बाबा, तिकडं भोक नाही," अन्नपूर्णा म्हणाली.

नळी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. जेवताना गळ्यात, झोपताना उशाशी. सोजराबाई एकदोनदा म्हणाल्याही, "आना इकडं, धुऊन ठेवतो. कानाले ग्रीस लागून राह्यलं." पण छे! डॉक्टर आपली नळी दुसऱ्याच्या हातात देतो का?

असे दहा दिवस गेले. बुधवारी मात्र महादेवराव घाबरले. शुक्रवार परवावर आलेला. अखेर कुणाला न सांगता ते मेहकरला गेले. (यष्टीने. उभ्याने.) सहदेव मिस्त्री दुकानासमोर खाटेवर बसला होता आणि त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. कुठल्याशा ट्रकचं हँडल उलटं फिरून त्याचं मनगट मोडलं होतं.

"मी येऊन काय करू, महादेवराव? पाहूनच रडाचं," मिस्त्री म्हणाला. "असं करा. इंजिन बंद ठेवा अन घशातून धूर सोडा आत. जोरानं. जिथं भोक असन तिथून धूर निंगन. लपून राहात नाही धूर."

"धूर कायचा सोडू?"

"कायचाबी सोडा. इंजिनले काय समजते?"

गुरुवारी तिन्हीसांजेला महादेवरावांची तयारी झाली. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला त्यांनी दोन भोकं पाडली. एका बाजूला लोहाराकडून आणलेला हातभाता, दुसऱ्या बाजूला नरसाळं. नरसाळ्याची नळी इंजिनच्या घशात, भोवती ओली चिंधी. आता डब्यात फक्त धूर पाहिजे. ते घरात आले, तर सोजराबाई बाळाला धुरी देत होत्या. विस्तवावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. घरभर तो गोड, उबदार धूर पसरलेला आणि त्यात बाळ डोळे मिचकावत पडलेलं. महादेवराव दारातच थांबून पाहत राहिले. उद्या या वेळी हा धूर या घरात नसेल, असं एकाएकी त्यांच्या मनात आलं.

"झाली का बाळाची?" त्यांनी हळूच विचारलं. "मंग उरलेली जीपले दे."

सोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "जीपले धुरी?"

"मिस्त्रीनं सांगतलं. भोक सापडते."

"सापडते?"

"पक्कं."

का कोण जाणे, सोजराबाईंचा चेहरा उतरला. पण विस्तव त्यांनी दिला.

आता नेमक्या त्याच वेळी शेजारच्या जनकाबाई बाळाला पाहायला आल्या, हा त्या गल्लीच्या दुर्दैवाचा भाग. जनकाबाईंनी पाहिलं ते असं: महादेवरावांनी बाळंतिणीच्या खोलीतली धुरी उचलली आणि ओवा-वावडिंगासकट जीपपुढे नेऊन ठेवली. त्या उंबऱ्यातूनच मागे फिरल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना त्यांनी आठ घरी सांगितलं. पहिल्या घरी सांगितलं, की जीपला धुरी देऊन राह्यले. चौथ्या घरी सांगितलं, की जीपला कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून धुरी देऊन राह्यले. आठव्या घरी पोचेपर्यंत ती दृष्ट लोणारच्या व्याह्यांची झाली होती. आणि शेजारधर्म डोणगावात तेव्हा जिवंत होता. दृष्ट म्हटल्यावर मोकळ्या हाताने कोण येणार? प्रत्येक बाई मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सात-सात वाळल्या मिरच्या घेऊन निघाली.

इकडे सोजराबाई भाता मारत होत्या, पण कशा? देवळातल्या घंटेला बाळाने हात लावावा तशा. डब्यातून दोऱ्याएवढा धूर निघून तिथंच विरत होता.

"जोरानं मार नं!" नळी गळ्यात अडकवून महादेवराव इंजिनवर ओणवे झाले होते.

"हात दुखते माया."

तेवढ्यात बायांचा घोळका अंगणात शिरला. जनकाबाई पुढे. "हटा सोजराबाई, तुम्हाले नाही जमाचं!" असं म्हणत त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, मुठी जीपवरून तीनदा ओवाळल्या, 'आल्या-गेल्याची, इवायाची-पाव्हन्याची' असं काहीसं पुटपुटल्या आणि मीठ, मोहऱ्या, मिरच्या थेट विस्तवात टाकल्या. मागच्या आठजणींनीही टाकल्या. नऊ साते त्रेसष्ट मिरच्या. मग झाकण लावून, पदर खोचून जनकाबाईंनी भाता धरला. घरी दोन म्हशी दोहणारा हात तो!

"अवं, काय टाकलं?" महादेवरावांनी वर पाहत विचारलं.

उत्तर जीपने दिलं. आधी मागच्या नळकांड्यातून धूर आला आणि मागे उभ्या असलेल्या चारजणी एकदम शिंकल्या. मग इंजिनच्या फटीफटीतून आला. मग खालून आला. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि जीप सगळ्या बाजूंनी मिरचीचा धूर सोडते आहे, हे दृश्य त्या गल्लीने पुन्हा कधी पाहिलं नाही. बाया खोकत कुंपणाकडे पळाल्या. कोंबड्या छपरावर गेल्या. अन्नपूर्णा बाळाला पदरात गुंडाळून मागच्या दाराने मळ्याकडे धावली. जनकाबाई मात्र हटेनात. "ठसका लागून राह्यला नं?" त्या खोकत खोकत ओरडल्या. "मंजे दृष्ट निंगून राह्यली! मारा!"

आणि महादेवराव? महादेवरावांच्या उजव्या डोळ्यात धुराची एक सरळ, जाड धार येऊन घुसली. ते किंचाळले. डोळा मिटला. मग मोठ्या हिमतीने दुसरा उघडून त्यांनी धार कुठून येते ते पाहिलं. घशाच्या मागे, खालच्या अंगाला, बोटाएवढं एक पितळी तोंड उघडं पडलेलं होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं. त्यावर एक नळी असायला हवी. हातभर लांब. काळी. रबरी.

गळ्यातली नळी त्यांनी हातात घेतली. एक टोक त्या तोंडावर धरलं. ते जागच्या जागी सटकन बसलं. दुसरं टोक वायपरकडे जाणाऱ्या पाइपावर बसलं.

अकरा दिवस ते भोक शोधत होते आणि भोकाचं झाकण कानाला लावून शोधत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं तर कळसा कानात होता.

त्यांनी मान वळवून पाहिलं. सोजराबाई धुराच्या पलीकडे ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्या बघत होत्या जमिनीकडे.

महादेवरावांनी इंजिनचं झाकण पाडलं. जीपमध्ये बसून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा शिंकलं, मिरची ओकलं, आणि मग पेडल सोडला तरी शांत, एका लयीत घुमू लागलं. वायपर डुलत डुलत काचेवरून इकडून तिकडे गेला. कुंपणापलीकडून बायांनी डोळे पुसत पाहिलं.

"निंगाली दृष्ट!" जनकाबाई म्हणाल्या. महादेवरावांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लेकीले धाडाचं मंजे बापाले जड जातेच," असं म्हणून बायांनीही पदर डोळ्यांना लावला. त्या पाण्यात मिरचीचं किती आणि लेकीचं किती, हे महादेवरावांनाही सांगता आलं नसतं.

बाया गेल्यावर दोघंच अंगणात राहिली.

"तू काढली?"

"हाव."

"काऊन?"

सोजराबाईंनी पदराने जीपच्या पत्र्यावरची राख पुसली. जीपला त्यांनी आपणहून हात लावायची ही पहिलीच वेळ. "पोरगी शुक्रवारी जाऊन राह्यली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चार-आठ दिवस तरी पोरगी राहीन. मंग कवा येते, कवा नाही. लेकरू आलं, का माहेर दूर होते. मी शानी बाई, अन काय हे करून बसली! पन त्या दिवशी पोरगी जायासाठी लुगडं धुऊन वाळत घालून राह्यली होती, अन मले सोसलंच नाही."

"अन नळी मलेच देली?"

"मंग कुठी लपवू? तुम्ही मागतली, देऊन टाकली."

"अन इवायाची दमणी आली असती तं?"

"येऊ देते काय मी? कालच लावनार होती परत. पन तुम्ही कानावरून काढसान तवा नं! झोपतानी उशाले, जेवतानी गळ्यात. धुऊन देतो म्हटलं, तरी देली नाही."

महादेवरावांचा हात उगाच गळ्याशी गेला, पण तिथं आता नळी नव्हती. रागावावं असं त्यांना खूप वाटलं, पण राग काही केल्या येईना. लेकीच्या गोष्टी, नातवाचं काळीज, दुपारचं ऊन, हे सगळं त्यांना याच बाईच्या चोरीतून मिळालं होतं. आणि दुसरी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरत होती.

"पन तुले कसं समजलं, का हेच नळी काढली तर इंजिन बंद पडते?"

"तीन वर्षं झाले, रोज जेवतानी सांगून राह्यले," सोजराबाई म्हणाल्या. "पोकळी कुठून वढते, कोनती नळी कुठी जाते. आयकतच होती मी."

हे मात्र महादेवरावांना मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. चांगल्या अर्थाने. आपलं कुणी ऐकत असेल, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी जीप निघाली. पुढे महादेवराव आणि बाळासह अन्नपूर्णा, मागे सोजराबाई, पाळणा, डिंकाच्या लाडवांचे डबे. मेहकरच्या पुढे भुरभुर पाऊस लागला. त्या जीपच्या वायपरची एक खोड होती. पेडल दाबला, की पोकळी कमी होई आणि वायपर थांबे. पेडल सोडला, की तो भराभर फिरे. म्हणजे जीप धावताना रस्ता दिसत नसे आणि रस्ता दिसू लागला की जीप थांबायच्या बेताला येई. चढावर तर सगळंच धूसर. मग अन्नपूर्णा बाहेर हात काढून बाळाच्या दुपट्याने काच पुसे आणि हसे. दोन्ही बाजूंना ओल्या ज्वारीची हिरवी शेतं धुरकट होऊन मागे सरत होती. बाळ झोपलेलं होतं. अन्नपूर्णेने पाय लांब केले होते. पायांतली जोडवी पाहून महादेवरावांना वाटलं, हा रस्ता सुलतानपुरापुढे संपूच नये, लोणार आणखी शंभर मैल पुढे सरकावं. पण गाव कुणाच्या सांगण्याने सरकत नाही. लोणार आलं.

व्याह्यांच्या दारात दमणी जुंपून तयार होती. शंकररावांनी घड्याळ पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि मोठ्या नाइलाजाने त्यांना सोडायला सांगितलं. कौशल्याबाईंनी नातवावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग त्यांनी नाकाला पदर लावला. "पोराच्या अंगाले मिरचीचा वास काऊन येऊन राह्यला, इहीनबाई?"

"आमच्याकडची धुरी हाये," सोजराबाई म्हणाल्या. "लागते थोडी."

निघताना अन्नपूर्णा जीपपाशी आली. बापाच्या हातावर तिने हात ठेवला. "बाबा, लय आरामात आली मी," ती म्हणाली, आणि पटकन आत गेली. महादेवरावांनी उगाचच वायपर पुसला.

परतीला सोजराबाई पुढच्या सीटवर बसल्या. न सांगता. मागे रिकामी जागा होती आणि दोघांपैकी कुणी मागे वळून पाहत नव्हतं. पाऊस थांबला होता. सुलतानपूर मागे पडलं. इंजिन एका लयीत, अगदी शहाण्यासारखं चाललं होतं, आणि महादेवरावांना तो शहाणपणा थोडा बोचत होता.

"दिवाळीले आनू तिले," शेवटी ते म्हणाले. "जीपनंच."

"आनू," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी समोरची काच पदराने पुसली. मग विचारलं, "या इंजिनले दुसऱ्या बी नळ्या हायेत नं?"

"लय हायेत."

"मंग आज जेवतानी त्याच्यातली एखांदी बराबर समजून सांगा मले."

"काऊन? हे होती नं चांगली."

"चांगली होती," सोजराबाई म्हणाल्या. "पन हे आता तुम्हाले बी समजली."